तिरका बसलेला तुकडा

बाय,

काल तुझ्या सुतकाची शिवा उठली. सात दिवस जमिनीवर बसून माझे गुडघे आखडले होते. माझ्या बायकोने, सिम्हाने, आरशांवर टाकलेल्या चादरी काढल्या आणि घड्या घालता घालता तुझ्याच आवाजात पुटपुटली, "या घरात एक चादर धड घडी होईल तर शपथ." मग तशीच खाली बसली आणि पोटभर रडली. सात दिवस पाहुण्यांना चहा देण्यात तिला रडायला फुरसत मिळाली नव्हती.

तीस दिवस दाढी करायची नाही, तरी आज सकाळी सवयीने मी आरशासमोर उभा राहिलो. दाढीकडे पाहिलंच नाही, डोळा पाहिला. उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे ते मांस वाढलं होतं तिथे आता एक फिकट दुधट रेघ आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला ती दिसणारही नाही. तुला ठाऊक होतं, म्हणून तू समोर बसलीस की आधी तिथे बघायचीस आणि मग माझ्याकडे.

सात दिवस माणसं येत होती. आपल्या रामल्यातली सगळी, शेजारच्या लोदची, तुझ्या हॉस्पिटलातली. जो तो सांगत होता की तू किती नेक, किती कष्टाळू, कुणाच्या बाळंतपणाला धावलीस, कुणाला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचं पांघरूण दिलंस. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, ही भांडकुदळ होती हे एकजणही का सांगत नाही? तोंडाने सगळी आळी तुला बाय म्हणत होती, पण तुझी बोलणी खाल्लेली माणसं आम्ही दोघंच, मी आणि सिम्हा.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, बाय. ते पुरं करायला बसलोय.

ते मांस मी मुंबईहूनच डोळ्यात घेऊन आलो होतो. परळच्या वर्कशॉपात सुतारकाम करत होतो तेव्हाच ते पांढऱ्या भागात दिसायचं, तिकोनी, पातळ, माशीच्या पंखाएवढं. आपल्या बाबांच्या तर दोन्ही डोळ्यांत होतं. नागावच्या किनाऱ्यावर जन्म काढलेला माणूस, ऊन आणि खारा वारा खाऊन त्यांचे डोळे कायम लाल. तरी म्हातारपणी ते स्वतःची सुई स्वतः ओवायचे. म्हणून मला त्याची कधी भीती वाटली नाही. घरातलं नाक जसं मिळतं तसं हे मिळालं, एवढंच.

इथे, यहुद्यांच्या या नव्या देशात आल्यावर सुताराला कुणी रंधा दिला नाही, पहार दिली. आधी रस्त्याचं काम, मग टेकड्यांवर झाडं लावायचं, मग सिमेंटच्या कारखान्याच्या आवारात पोती. मआबारातल्या, नव्याने आलेल्यांच्या छावणीतल्या, त्या पत्र्याच्या खोलीतून पहाटे निघायचो तो दिवसभर पांढऱ्या खडकावर. ऊन वरून यायचं तेवढंच खालूनही यायचं. डोळे बारीक करून करून कपाळ दुखायचं. आणि ते मांस, जे मुंबईत इतकी वर्षं जागच्या जागी बसून होतं, ते हळूहळू बुबुळाकडे सरकायला लागलं. मला दिसलं नाही. तुला दिसलं.

तुला इथे तुझंच काम मिळालं, हे आपल्या घरातलं एक नवल. मुंबईत हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत करायचीस तेच. ऑपरेशनात काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापं काढायची, ती काचेवर घेऊन रंगवायची. मग मोठे डॉक्टर मायक्रोस्कोपखाली पाहून तो तुकडा चांगला की वाईट ते सांगणार. "मेणाला हिब्रू लागत नाही," असं तू म्हणायचीस. म्हणून तुला काम पटकन मिळालं आणि आम्ही मात्र क्लासात बसून अ-आ गिरवत राहिलो.

एका शुक्रवारी, शनिवारच्या शब्बातचे दिवे लावायच्या आधी, तू मला खिडकीपाशी ओढलंस. हनुवटी धरून मान वर केलीस.

"हे पांढरं कधीपासून आहे?"

"कुठलं?"

"तांदळाच्या कणीसारखं. रोज आरशात बघतोस ना?"

"बाबांना होतं ते."

"बाबांना मांस होतं. मांसावर हे नव्हतं. उद्या नाही, रविवारी दवाखान्यात चल."

"रविवारी पाळी आहे. रजा कोण देणार?"

"डोळा गेल्यावर देतील कायमची."

सिम्हा म्हणाली, "बाय, शब्बातच्या तोंडावर असं काय बोलता?" तू म्हणालीस, "डोळ्याला शब्बात असतो का गो?" पण हनुवटीवरचा हात काढलास तेव्हा तो गार होता, एवढं मला कळलं.

दवाखान्यात खिडकीमागच्या माणसाने आपल्याला पहिलाच शब्द सुनावला, "सवलानूत." धीर धरा. या देशात येऊन आपण सगळ्यात आधी शिकलो तो शब्द. तू त्याला मराठीतून काहीतरी ऐकवलंस, ते त्याला कळलं नाही, पण लगेच नंबर लागला. डोळ्याच्या डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं आणि सांगितलं की मांस काढायचं आणि तपासायला पाठवायचं. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "तपासायचं काय त्यात?" तू आडपडदा ठेवला नाहीस. म्हणालीस, "बहुतेक वेळा ते नुसतंच मांस असतं. त्रासदायक, पण निरुपद्रवी. क्वचित त्यातल्या पेशी, आम्ही सेल म्हणतो ते, वाईट निघतात. मग वरवर काढून भागत नाही."

"मग?"

"मग डोळा काढावा लागतो."

शेजारची बाई आपल्याकडे बघत होती, तिला वाटलं असेल भावाबहिणीचं बाजारहाटाचं बोलणं चाललंय. तू इतक्या साध्या आवाजात सांगितलंस, की मी घाबरलो नाही. जी बाई एवढं तोंडावर सांगते ती पुढचंही सांगेल, असं मी धरून चाललो. म्हणून तुझं नंतरचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

ऑपरेशन जागेपणीच झालं. डोळ्यात थेंब टाकून सगळं बधिर केलं होतं. दुखलं नाही, पण कुणीतरी भांड्याला लागलेली खरवड काढावी तसा आवाज थेट डोक्यात येत होता. मग भलीमोठी पट्टी. बाहेर आलो तेव्हा तू दारात उभी होतीस आणि तुझ्या हातात एक छोटी बाटली होती. "हे मी घेऊन जाते," म्हणालीस, आणि माझी विचारपूस न करता चालायला लागलीस. मी एका डोळ्याने तुझी पाठ बघत राहिलो.

त्यानंतरचा तो आठवडा.

दोन दिवस सगळं नेहमीसारखं चाललं. तिसऱ्या दिवशी तू कामावरून आलीस आणि मला रागावणं बंद केलंस. मी चप्पल दारात आडवी टाकली, तू ती उचलून बाजूला ठेवलीस. आमटीला मीठ नाही म्हणालो, तू मीठ आणून दिलंस. माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढलेस, लहान मुलाचे काढावेत तसे. एवढ्या वर्षांत तू माझ्याशी इतकी गोड कधीच वागली नव्हतीस, आणि मला धडकी भरली.

"रिपोर्ट आला का गो?"

"आला की डोळ्याचे डॉक्टर सांगतील."

"तू पाहिलंस?"

"मी ढीगभर काचा पाहते रोज. सगळ्या माझ्या लक्षात राहतात होय?"

असं म्हणून तू पदर खोचलास आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलंस.

मग तो चहाचा प्रकार झाला. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी किटली घेतली आणि चहा कपाच्या बाहेर, सगळा टेबलावर ओतला. सिम्हा हसली, आमची रूथ टाळ्या पिटायला लागली. मीही हसलो. तू उठलीस आणि मागे कपडे वाळत होते तिकडे गेलीस. मी खिडकीतून पाहिलं. कपडे कधीचे वाळले होते. तू दोरीला धरून उभी होतीस, एकही कपडा काढत नव्हतीस. तेव्हाच मी मनात म्हटलं, सोलोमन, डोळा गेला. आणि गंमत बघ, डोळ्यापेक्षा मला तुझा राग आला. हिला कळलंय, ही माझ्याच घरात, माझ्याच ताटाशी बसते, आणि मला सांगत नाही.

सिम्हाला मी काही बोललो नाही. तिलाही कळलं होतं आणि तीही मला बोलली नाही. एकाच खोलीत तीन माणसं, तिघांनाही तीच भीती, आणि तिघं बोलत होती कांद्याच्या भावावर.

आठवड्याच्या शेवटी भर दुपारी मी अंगणात बसलो होतो. खमसीनचा वारा सुटला होता, तोंडात वाळू येत होती. रस्त्याच्या टोकाला एक बाई पळताना दिसली. साडीचा काष्टा मारल्यासारखा वर घेतलेला, एक चप्पल हातात, एक पायात. माझ्या एका डोळ्याला ती तू आहेस हे कळायला वेळ लागला, कारण तू कधी दुपारची घरी येत नव्हतीस आणि कधी पळत तर नव्हतीसच.

"नाही रे, सोलू! नाही! नाही!"

मी उभा राहिलो. तू ओरडत होतीस नाही, आणि माझ्या मनात एकच आलं की डोळा नाही.  सिम्हा बाहेर आली, तिच्या मागून रूथ. "मा करा? मा करा?" काय झालं, काय झालं, असं ती पोर हिब्रूत विचारत राहिली. तू आमच्यापाशी पोचलीस, उपड्या बादलीवर बसलीस आणि धापा टाकत म्हणालीस, "वाईट नाही. वाईट नाही रे. नुसतं मांस आहे. बाबांचं होतं तसलंच."

मग तू हसायला लागलीस आणि हसता हसता रडायला. सिम्हाने तुला पाणी दिलं, ते तू अर्धं माझ्या अंगावर सांडलंस. मी सिम्हाचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच धरला असेल. अंगातून काहीतरी सुटत सुटत तळव्यांवाटे जमिनीत गेलं. अजून तो क्षण आठवला की छाती हलकी होते.

पाणी पिऊन झाल्यावर तू सगळं सांगितलंस. पहिली काच तू पाहिलीस तेव्हा वरच्या थरातले सेल खाली मांसात शिरलेले दिसले होते, झुंडीच्या झुंडी. वाईट रोगात दिसतात तसे. तू काच मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलीस आणि गप्प बसलीस. ते बाहेरगावी होते. ते आले, त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले की हे काप तिरकं गेलंय. तुकडा पुन्हा मेणात बसवा, सरळ उभा, आणि नवीन कापा.

"तिरकं गेलं म्हणजे काय?" मी विचारलं.

तू आत गेलीस आणि गोधडी घेऊन आलीस. भर उन्हात ती मांडीवर पसरलीस, तिच्या दोन-चार चुण्या केल्यास. "हे बघ. वरचं कापड वर आहे, आत चिंध्या आहेत. मी वरून सरळ खाली कापलं, तर कापड वरच दिसेल. आता सुरी अशी आडवी तिरकी घातली, तर चुणीत गेलेलं वरचं कापड कुठे दिसेल?"

"मधेच. चिंध्यांत."

"बरोबर. वाटेल की कापड आत शिरलंय. ते शिरलेलं नसतंच, आपण कापलंय तसं. तुकडा तिरका बसला होता मेणात."

तुकडा तिरका बसला होता. तू असंच म्हणालीस. मलाही तेव्हा वाटलं नाही की तुकडा आपणहून बसत नाही.

पुढच्याच आठवड्यात तू एलियाहू हन्नबीचा, आपल्या संदेष्ट्याच्या नावाने आभाराचा, मलिदा केलास. पोहे कुठून मिळणार? तेव्हा इथे साखरही मोजून मिळायची. तू बाजारातून जाड दलिया आणलास, भिजवून निथळलास, खोबऱ्याऐवजी तीळ भाजून कुटलेस, आणि ताटावर पाच फळं म्हणून जी मिळाली ती मांडलीस. आळीतल्या म्हाताऱ्या नाकं मुरडत होत्या, "दलियाचा कुठे मलिदा असतो?" तू म्हणालीस, "एलियाहू हन्नबी इथलेच राहणारे. त्यांना पोह्यांचं काय कौतुक?" सगळे हसले. 

आणि मी तिथेच तोंड उघडलं. सगळे पांगल्यावर म्हणालो, "तुला आठवडाभर ठाऊक होतं. मला सांगितलं नाहीस. मी काय परका?"

तू ताटं उचलत होतीस. "काय सांगायचं होतं?"

"जे पाहिलंस ते."

"जे पाहिलं ते चुकीचं होतं. सांगितलं असतं तर खोटं सांगितलं असतं. सांगायचं काम डॉक्टरांचं, माझं नाही."

"तू लॅबोरेटरीत नोकर आहेस. घरात माझी बहीण आहेस."

"दोन्हीकडे मीच असते रे," म्हणालीस, आणि ताटं घेऊन आत गेलीस.

झालं. तेव्हापासून आपलं हे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. पट्टी निघाली, मआबारा सुटला, आपल्याला दोन खोल्यांचं पक्कं घर मिळालं, मला परत सुतारकाम मिळालं, पण दर सणाला, कधी बसथांब्यावर, कधी भाजी निवडताना, मी म्हणायचो, "सांगायला हवं होतंस," आणि तू म्हणायचीस, "खोटं?" सिम्हा कंटाळून उठून जायची.

एकदाच तू वेगळं काही केलंस. एका शुक्रवारी काम लवकर संपल्यावर मला लॅबोरेटरीत नेलंस. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आणि तू मला उंच स्टुलावर बसवून मायक्रोस्कोप लावून दिलास. माझ्याच डोळ्याचं मांस मी माझ्याच डोळ्याने पाहिलं, गुलाबी आणि जांभळं. तू माझ्या मागे उभी राहून हळू आवाजात सांगत होतीस. डाव्या बाजूला सेल कसे शहाण्यासारखे आहेत, तळाशी उभे, वर येता येता चपटे होत गेलेले. मग मधे, काळ्या-पांढऱ्याच्या शिवेपाशी, थर जाड झालाय, काही सेलांची केंद्रं मोठी आणि गडद, एकमेकांना रेटतायत. "यांची शिस्त बिघडली आहे खरी," तू म्हणालीस, "पण खाली ही बारीक रेघ दिसते? ती अखंड आहे. ती ओलांडून कुणी खाली गेलेलं नाही. सगळं या रेघेवर होतं." रेघेखाली निळसर गुंता होता, नागावला तुटक्या जाळ्यांचा ढीग पडायचा तसा. ते म्हणे उन्हाने जळलेले तंतू. आणि त्यांतून तांबड्या शिरा बुबुळाकडे निघालेल्या.

मी विचारलं, "पण माझंच मांस माझ्याच डोळ्यावर का चढतं? मी त्याचं काय वाकडं केलं?"

तू म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात, ऊन आणि धूळ डोळ्याला रोज थोडं थोडं जाळतात. शरीर ते भरून काढायला निघतं. भरत जातं, भरत जातं, आणि थांबायचं विसरतं. खरं कारण कुणालाच नीट ठाऊक नाही अजून." मग म्हणालीस, "ते तुझ्या वाईटावर नव्हतं, सोलू. बरं करायलाच निघालं होतं."

घरी येताना तू मला तेल अवीवच्या स्टेशनवर उन्हाचा काळा चष्मा घेऊन दिलास आणि तो मी घातल्यावर म्हणालीस की मी सिनेमातल्या चोरासारखा दिसतो. म्हणजे पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागलीस. मला किती बरं वाटलं, ते तुला सांगितलं नाही.

आता तुझ्या जाण्याचं. आईसारखं अंथरुणाला खिळून राहायची तुला फार भीती होती. आईचं सगळं तूच केलं होतंस, म्हणून. त्या संध्याकाळी तू कामावरून आलीस, खुर्चीत बसलीस, म्हणालीस, "सिम्हा, चहा टाक गो, आलं जास्त घाल." सिम्हा चहा घेऊन आली तेव्हा तू नव्हतीस. चेहऱ्यावर वैतागही नव्हता, जो नेहमी असायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय, क्षणात. पहिले दोन दिवस मी देवाशी भांडलो. तिसऱ्या दिवशी वाटलं, हिला कुणाच्या हातून पाणी प्यावं लागलं नाही. हिला कुणी कुशीवर वळवलं नाही. जे तू मागत होतीस ते तुला मिळालं. माझं रडू थांबलं नाही, पण त्यातला कडूपणा गेला.

चौथ्या दिवशी तुझे मोठे डॉक्टर आले. मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी एकदाच पाहिलेलं. एवढ्या गरमीत कोट घालून आले होते, कुठे बसावं कळेना, शेवटी माझ्या शेजारी जमिनीवरच बसले. त्यांचं इंग्रजी प्रागचं, माझं परळच्या वर्कशॉपचं. तरी जमलं. तुझ्याबद्दल बोलता बोलता ते एकदम हसले.

"तुमच्या बहिणीने इतकी वर्षं माझ्यासाठी काम केलं. एकही तुकडा तिरका बसवला नाही. एक सोडून."

"एक कुठला?" मी विचारलं.

"तुमचा. मी तिला सांगितलं होतं की हा दुसऱ्या मुलीला दे, तू लावू नकोस. ती म्हणाली, त्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. स्वतः मेणात बसवला आणि हात थरथरला. मी परत आलो तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, कुणी मेलं की काय. मी तिला म्हटलं, बाई, रोग तुकड्यात नाही, तुझ्या बोटांत आहे. ती माझ्यावर चिडली. मग म्हणाली, माझ्या भावाला सांगू नका, तो जन्मभर चिडवेल. मी शब्द दिला होता. आता मला वाटतं, मोडायला हरकत नाही."

बाय, मी हसलो. शिवाच्या घरात, तुझ्या शोकात फाडलेल्या सदऱ्यात, मोठ्याने हसलो. दारातल्या म्हाताऱ्या दचकल्या. सिम्हा धावत आली, तिला मी मराठीत सांगितलं, आणि मग तीही तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर आम्हा दोघांकडे बघत होते, आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना वाटलं. मी त्यांचा हात धरून ठेवला.

इतकी वर्षं मी तुला विचारत होतो, मी काय परका? आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की अरे, परका असतास तर तुझा तुकडा सरळ बसला असता. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तुला. पण तिथे तुझी चूक उघडी पडली असती, आणि चूक कबूल करणं तुझ्या रक्तात नव्हतं. ठीक आहे. तेवढं मी तुला माफ केलं.

पण भांडण सोडत नाही. तुझं म्हणणं होतं की सांगितलं असतं तर खोटं सांगितलं असतं. त्यावर मला जे म्हणायचं होतं ते मी कधी म्हणालो नाही, कारण आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही. आता म्हणतो. खोटं तर खोटं, बाय. तू सांगायला हवं होतंस. आपण तिघं मिळून घाबरलो असतो. दोरीपाशी तू एकटी उभी राहिलीस, त्यापेक्षा ते बरं झालं असतं. माझा डोळा वाचला, त्याचं सुख मला आहेच, पण तुझा तो आठवडा कुणी वाटून घेतला नाही. त्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "मग तिघांची झोप गेली असती, फायदा काय?" म्हणाली असतीस आणि कोथिंबीर निवडायला घेतली असतीस.

आज सकाळी डोळ्याच्या दवाखान्यात गेलो होतो. असलं मांस परत वाढू शकतं, म्हणून वर्षातून एकदा दाखवायचं असतं, आणि यंदाचा दिवस तूच ठरवून ठेवला होतास. सिम्हा म्हणाली, पुढे ढकला, कालच तर शिवा उठली. मला ढकलवेना. डॉक्टर नवे होते, तरुण. त्यांनी दिवा लावला, वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. खूप वेळ पाहिलं.  बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि खरं सांगतो, डोळ्यापेक्षा त्या जागेचीच भीती वाटत होती. बरंवाईट जे निघेल ते घेऊन आता एकट्याने बसमध्ये बसायचं.

मग त्यांनी दिवा विझवला आणि म्हणाले, "नकी." स्वच्छ.

बाहेर आलो. फाटकापाशी उन्हात उभा राहिलो, आणि घरी पोचायचीही वाट न बघता, तिथेच, मोठ्याने, मराठीत म्हणालो, "बाय, स्वच्छ आहे गो. काही नाही." रस्त्यावरची एक बाई पिशवी सावरत थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मला हसताना बघून तीही हसली.